शास्त्रात काय लिवलंय?

माझ्या माहेरी सकाळचा चहा दोनदा गरम होतो. एकदा आई करते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा बाबांचं वाचन संपतं तेव्हा. बाबा तोंड धुऊन ओटीवर बसतात, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात. आई कप आणून शेजारी ठेवते. बाबा मानेनंच हो म्हणतात आणि पुढे वाचत राहतात. चहावर साय धरते, माशी येऊन जाते, आई कप उचलून आत नेते आणि जाता जाता पुटपुटते, "चहा गरम प्यावा असं कुठं तरी लिवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

बाबांचा शास्त्रावर विश्वास आहे असं म्हणणं म्हणजे माशाचा पाण्यावर विश्वास आहे असं म्हणण्यासारखं. त्यात लिहिलंय ते खरं, आणि खरं आहे म्हणून ते ऐकायचं, एवढंच त्यांचं गणित. आपल्याला पटतंय का, सोयीचं आहे का, हे प्रश्न त्यांच्या डोक्यात येतच नाहीत असं मला पूर्वी वाटायचं. मी मुरबाडला शाळेत विज्ञान शिकवते. सासरही तिथलंच. त्यामुळे सुट्टीत माहेरी गेले की माझी आणि बाबांची एक कुस्ती ठरलेली. शास्त्रातल्या गोष्टीतला तो माणूस माशाच्या पोटात तीन दिवस जिवंत राहील कसा, हा माझा आवडता डाव. बाबा शांतपणे म्हणतात, "तुझ्या पुस्तकातला अणू तू बघितलास काय?" मी अणूचे पुरावे सांगायला लागते. ते सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "चांगला हाय तुझा अणू. मासा पण हाय." कुस्ती सुटते आणि आम्ही जेवायला बसतो.

गावालाही बाबांचं हे वेड ठाऊक आहे. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या कोंबडीवर दोघांनी हक्क सांगितला, की कट्ट्यावरून हाक येणारच, "काय भाऊ, शास्त्रात काय लिवलंय?" सूर चिडवण्याचा असतो, पण बाबा चिडत नाहीत. ते खरोखरच विचार करतात. कधी कधी दोन दिवसांनी उत्तर घेऊन हजर होतात, तोवर विचारणारा कोंबडी खाऊन मोकळा झालेला असतो.

आमचं घर त्या गावात मूळचं नव्हे. आजोबा नगरकडचे. कसाऱ्याला घाटात रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होते. बाबा लहान असतानाच ती नोकरी सोडून त्यांनी शहापूर-मुरबाडच्या मधल्या एका गावात जमिनीचा तुकडा घेतला आणि उरलेलं आयुष्य भात लावण्यात घालवलं. गाव गावदेवीला मानणारं, भातशेती करणारं. ख्रिस्ती घर आमचं एकटंच. पुढे गावाच्या कडेला असलेल्या वाडीतली काही घरं रविवारी आमच्या ओटीवर प्रार्थनेला यायला लागली. ती माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे आमची मंडळी वर्षातून अर्धा काळ भरलेली आणि अर्धा काळ रिकामी असते. प्रार्थना चालवणारे पाळक महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी बाबाच वाचतात आणि बाबाच समजावून सांगतात.

समजावून सांगताना काय काय होतं ते ऐकण्यासारखं असतं. एकदा त्यांनी पेरणाऱ्याची गोष्ट वाचली. पेरणारा बी फेकत जातो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. वाडीतली एक म्हातारी मध्येच उठून म्हणाली, "असा कोण पेरतो? येडा हाय का तो? आधी पालापाचोळ्याचा राब भाजायचा, रोप काढायचा, मंग लावायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, "आजे, तिथं भात नाय, गहू हाय." म्हातारीचं समाधान झालं, पण वाटेवर बी टाकणाऱ्या त्या माणसाबद्दल तिचं मत काही शेवटपर्यंत सुधारलं नाही.

दुसरी गोष्ट म्हशाच्या जत्रेची. बाबांनी एका वर्षी आमचा पांढरा बैल विकायला नेला. म्हशाला गुरांचा सौदा व्यापारी हातावर रुमाल टाकून करतात. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची, आणि भाव फक्त त्या दोघांनाच कळतो. बाबा रुमालाखाली हात घालायलाच तयार होईनात. "जे बोलायचं ते उघड्यावर," असं म्हणून त्यांनी भाव मोठ्यानं सांगितला, आणि त्याच दमात हेही सांगितलं की बैल कामाचा आहे, पण नांगराला जुंपला की मध्येच बसतो. आजूबाजूचे व्यापारी पोट धरून हसले. संध्याकाळी बाबा बैल, एक घोंगडी आणि मिठाईचा पुडा घेऊन घरी आले. तो बैल पुढे आमच्याच गोठ्यात म्हातारा झाला, आणि शेवटपर्यंत मध्येच बसत राहिला.

ओटी अपुरी पडायला लागली तेव्हा मंडळीनं शेड बांधायची ठरवली. जागा निवडली ती आमच्या जमिनीच्या अगदी कडेला, रस्त्याजवळ, म्हणजे वाडीतल्या लोकांना आमच्या अंगणातून यावं लागू नये. तिथं टाकळा आणि गवत माजलं होतं. पुरुषांनी खांब रोवले, वर पत्रे घातले, बायकांनी जमीन चोपून शेणानं सारवली. आईनं दाराशी जास्वंद लावली. शेडच्या उजव्या अंगाला ओहोळ होता आणि डाव्या अंगाला दुसऱ्याची मोकळी जमीन. दिसायला ती गोठ्याची धाकटी बहीण होती, पण आमच्या लोकांना तिचा फार अभिमान. बाबांनी तर पहिल्या रविवारी इतक्या मोठ्यानं वाचलं की रस्त्यावरचा एसटीचा ड्रायव्हर काच खाली करून बघायला लागला.

त्या डाव्या अंगाच्या जमिनीच्या पलीकडे आमच्या काकीचं शेत. काकी म्हणजे नात्यानं नव्हे, शेजारानं. तिचा आवाज असा की ती बांधावरून पोराला हाक मारते तेव्हा दुसऱ्याच घरातली दोन पोरं धावत येतात. तिचा नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता. तेवढा काळ शेत पडीक राहिलं, कारण काकी नवऱ्याजवळून हलत नसे. तो गेला, दिवसकार्य झालं, आणि काही महिन्यांत काकीनं पदर खोचून जाहीर केलं की यंदा भात लावायचा. बैल आता गावात शोधून सापडत नाहीत, तेव्हा ट्रॅक्टर सांगितला. ट्रॅक्टरवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काकी, शेतात उतरू कुठनं?"

कारण मधली मोकळी जमीन होती तिच्या पुतण्याची. त्यानं तिथं सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली होती. मुंबईवाल्यांना फार्महाउससाठी प्लॉट पाडायचे होते. पुतण्या काही वाईट माणूस नव्हे. काका आजारी असताना रात्री-अपरात्री गाडी काढून शहापूरच्या दवाखान्यात नेणारा तोच. पण त्याचं म्हणणं, माझ्या जमिनीतून गाडीवाट कधीच नव्हती, पायवाट होती, ती काकीला खुशाल वापरू दे. "नायतर काकी, तो तुकडा मलाच दे. मी चांगला भाव देतो. ह्या वयात चिखलात कशाला उतरतेस?" काकीनं त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मोजणीचा अर्ज केला होता, पण वहिवाट मोजणीच्या नकाशात दिसतेच असं नाही. ती माणसांच्या आठवणीत असते, आणि आठवण असलेली माणसं गावात फार उरली नव्हती. एक होते आमचे बाबा. लहानपणी ते काकीच्या सासऱ्यांच्या बैलगाडीत बसून त्या वाटेनं कैक वेळा गेले होते. काकी ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "भावजी, तुमी एक शब्द बोला. वाट मिळाली तर शेत ऱ्हाईल. नाय मिळाली तर यंदा पन पडीक, नि पुढच्या सालाला त्याच्या प्लॉटात." बाबा म्हणाले, "बोलीन की, वहिनी. त्यात काय?"

मे महिन्याची सुट्टी सरत आली होती, वाडी भट्ट्यांवरून परतली होती, आणि मीही घरीच होते. गावकी संध्याकाळी देवळासमोर बसली. आमच्या गावची रीत अशी की साक्ष देणाऱ्यानं गावदेवीपुढचे तांदूळ मुठीत घेऊन बोलायचं. तांदूळ हातात असताना खोटं बोललं तर घरात धान्य टिकत नाही म्हणतात. मोठे पंच समजूतदार माणूस. ते बाबांना म्हणाले, "तुमी तांदूळ उचलणार नाय ते आमाला ठावं हाय. तुमचा पुस्तक आणा, त्याच्यावर हात ठेवा नि बोला. संपला."

मला हायसं वाटलं. बाबा घरी गेले आणि कापडात गुंडाळलेलं शास्त्र घेऊन आले. चष्मा लावला. पानं उलटायला लागले. लोकांना वाटलं, आमच्यात असाच विधी असणार.  बाबांनी हवं ते पान काढलं आणि सावकाश वाचून दाखवलं. त्याचा मतलब असा की शपथ मुळीच वाहायची नाही. आकाशाची नाही, पृथ्वीची नाही, स्वतःच्या डोक्याचीसुद्धा नाही, कारण आपल्या डोक्यावरचा एक केस पांढरा किंवा काळा करणं आपल्या हातात नाही.

इथं सगळ्या गावकीनं मोठ्या पंचांकडे बघितलं. पंचांचे केस दर पंधरवड्याला कोळशासारखे काळे होतात हे शेंबड्या पोराला माहीत. मागून कुणी तरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. पंचांनीही डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ते लिवणाऱ्याच्या टायमाला कलप नव्हता." बाबा मात्र हसले नाहीत. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा, एवढंच पुरे, हे राहिलेलं वाचून त्यांनी पुस्तक मिटलं.

"म्हंजे पुस्तकावर हात ठेवू नका असा पुस्तकातच लिवलंय?" पुतण्यानं विचारलं.

"व्हय."

"मंग आणलात कशाला?"

"तुमी आणा म्हणालात म्हणून."

पुन्हा हशा पिकला. पण हसू ओसरल्यावर प्रश्न तिथंच होता. पुतण्या म्हणाला, गावची रीत सगळ्यांना सारखी. तांदूळ नाही, पुस्तक नाही, मग ही साक्ष कसली? उद्या कुणीही उठेल आणि नुसतं बोलेल. खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. पंच एकमेकांकडे बघायला लागले.

काकी उठून उभी राहिली. तिचा तो आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "भावजी, एकदा हात ठेवा हो. तुमी खरंच बोलणार ना? मंग हात ठेवल्यानं काय जातंय? माजा शेत जातंय."

मला त्या क्षणी बाबांचा असा संताप आला की बायकांतून उठून मी सरळ त्यांच्यापाशी गेले. दबक्या आवाजात म्हटलं, "बाबा, विधवेची बाजू घ्या, हेही त्यातच आहे ना? मग तुम्हाला दिसत नाही का समोर कोण उभं आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं की सोयीचे-गैरसोयीचे प्रश्न त्यांच्याही डोक्यात येतात, आणि बरे जोरात येतात. ते म्हणाले, "हाय ना. ते पण हाय, हे पण हाय. एक मोडून दुसरं पाळायचं म्हटलं, तर मंग मी त्याचं कुठं ऐकलं? माझंच ऐकलं."

मग ते पंचांकडे वळले. "मी शपथ घेत नाय. पण वाट दाखवतो. चला."

गावकी उठली. म्हातारे, बायका, पोरं, कुत्री, सगळी वरात बाबांच्या मागे निघाली. रस्त्यावरच्या जुन्या आंब्यापाशी बाबा थांबले. "इथं गाडी वळायची. बैल सावलीला मुद्दाम थांबायचे, नि वहिनीचे सासरे त्यांना शिव्या घालायचे." दोन म्हातारे हसले. सासऱ्यांच्या शिव्या त्यांनाही आठवत होत्या. पुढे एक कातळ होता. बाबांनी पायानं त्यावरचं गवत आणि माती बाजूला केली. खाली चाकानं घासून पडलेली खाच होती, हाताच्या पंजाएवढी रुंद. काकीनं आरोळीच ठोकली. पुतण्या म्हणाला, "खाच काय, पाण्यानं पन पडते." पण त्याचा आवाज जरा उतरला होता.

बाबा पुढे चालले. नजर जमिनीवर, हात मागे, जणू अजून त्या गाडीत बसून हेलकावे खात होते. आणि चालता चालता ते एकदम थांबले. समोर आमची प्रार्थनेची शेड होती. बरोब्बर समोर.

कातळावरच्या खाचेपासून सरळ रेघ मारली तर ती आईच्या जास्वंदीतून आणि शेडच्या अर्ध्या भागातून जात होती. मी बघितलं, पंचांनी बघितलं, आणि पुतण्यानंही बघितलं. तो टाळी वाजवून हसला. "बघा! गाडीवाट असती तर ह्यांनी तिच्यावर देवाचा घर बांधला असता काय? सांगा आता."

उजवीकडे ओहोळ. तिथून गाडी जाणं शक्यच नव्हतं. डावीकडे पुतण्याची मोकळी जमीन. बाबांनी नुसता डावीकडे हात केला असता, वाट इथून वळायची असं म्हटलं असतं, तर कुणीही विश्वास ठेवला असता. खाच सापडलीच होती. काकीला वाट मिळाली असती, शेड राहिली असती, आणि पुतण्याची थोडी जास्त जमीन गेली असती, बस. माझं मन डावीकडे धावत सुटलं होतं, हे मी कबूल करते. आई तर पदर तोंडाला लावून उभी होती.

बाबांनी मागे वळून कातळाकडे बघितलं, पुन्हा शेडकडे बघितलं. मग म्हणाले, "गाडी इथनं जायची. शेडीतनं."

"मंग बांधलीत कशी?"

"बांधली. चूक झाली माझी. शेत पडीक होतं, वाट गवतात गेली होती, माझ्या ध्यानातच आलं नाय." त्यांनी काखेतलं पुस्तक छातीशी धरलं. "शेजाऱ्याची हद्द सरकवू नका असं ह्यात लिवलंय. मी ते ह्याच शेडीत उभं राहून वाचून दाखवलंय. वाटेवर उभं राहून."

शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज फुटला. माझ्या बाबांना मी आजोबांच्या मयतीनंतर रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी भर गावकीत त्यांचा हात धरला. आमच्याकडे बाईमाणसं असं करत नाहीत, पण त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

बाबा शेडला वळसा घालून पलीकडे गेले, तारेपाशी उभे राहिले आणि एका खांबावर हात ठेवून म्हणाले, "हा चाकाच्या वाटेत हाय."  मोठे पंच आपल्या काळ्या कुळकुळीत केसांवरून हात फिरवत बराच वेळ शेडकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माणूस आपला काय तरी वाचवायला खोटा बोलतो. आपल्याच देवाचा घर मोडायला कोण खोटा बोलंल? शपथेचा काय काम नाय आता. वाट सोडायची."

काकीचा आवाज लगेच पूर्ववत झाला. ती म्हणाली, शेडला हात लावू नका, मी पुतण्याच्या बाजूनं थोडा वळसा घेईन, तो काय मरत नाय. बाबा म्हणाले, "नाय वहिनी. त्याची पन हद्द हाय."

घरी आल्यावर आईनं भांडी आपटली. आई रागावली की आमच्याकडे स्वयंपाकघरातून सगळं समजतं. "काढून पुन्हा ठोकले की पत्र्यांना भोकं पडणार, ते गळणार. जमीन पुन्हा सारवायची. आणि माझी जास्वंद? जास्वंदीचं काय लिवलंय शास्त्रात?" बाबा म्हणाले, बघून सांगतो. आईनं पळी उगारली आणि मग तिलाच हसू आलं.

मला खरी धास्ती होती वाडीतल्या लोकांची. त्यांनी भट्टीवरून दमून आल्यावर ती शेड उभी केली होती. देवाचं घर उचलायचं हे त्यांना कसं सांगायचं? रविवारी बाबांनी उभं राहून जे झालं ते सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली.  मग ती पेरणाऱ्याला नावं ठेवणारी म्हातारी म्हणाली, "त्यात रडायचा काय? तूच वाचला व्हतास ना, रानात देवाचा तंबू व्हता म्हणून? आज इथं, उद्या तिथं, लोकांच्या संगती? आमी भट्टीवर जातो तसाच. उचला." बाकीच्यांनी माना हलवल्या. वर्षातून दोनदा संसार डोक्यावर घेणाऱ्या माणसांना चार खांब हलवायचे म्हणजे काय मोठंसं वाटणार? देवाचा तो तंबू मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याचे खांब उपटायला माणसं लागत असतील, पत्रे उतरवताना बोटं कापत असतील, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

आम्ही शनिवारी शेड उतरवली. गावातले निम्मे पुरुष आले, मोठे पंचही आले आणि एकही खांब न उचलता सगळ्यांना सूचना देत राहिले. शेड ओहोळाच्या वरच्या अंगाला, आमच्या गोठ्याला चिकटून उभी राहिली. पहिल्यापेक्षा लहान झाली आणि थोडी वाकडी. पुतण्या आला नाही. पण त्याची आई कोऱ्या चहाची किटली घेऊन आली, आणि दोन दिवसांनी वाटेवरची तार कुणी तरी गुपचूप कापून गुंडाळून ठेवली. वाटेतला खांब तेवढा उपटला. बाकीचे तसेच राहिले आणि आता त्यांच्यावर काकीनं काकडीचे वेल चढवलेत. जास्वंद नव्या जागी रुसली होती, पण धरली.

बाबांची आणि माझी कुस्ती अजून चालू आहे. माशाचं मला अजून पटलेलं नाही. पण आता मी तो डाव टाकते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसराच एक डाव येतो. डावीकडे मोकळी जमीन, समोर शेड, आणि नुसता एक हात करायचा होता. ज्या पुस्तकाला आपण खरं मानतो ते आपल्याच शेडीतून गाडी काढतं तेव्हा काय करायचं, हे मला अणूनं कधी विचारलं नाही.

लावणीच्या दिवसांत एका रविवारी मी मुरबाडहून सकाळच्या एसटीनं गेले. शेडच्या एका बाजूचे पत्रे अजून बसायचे होते, त्यामुळे अर्धी मंडळी आत आणि अर्धी उघड्यावर छत्र्या घेऊन बसली होती. बाबा वाचत होते. तेवढ्यात रस्त्याकडून धडधड आली. आंब्याला वळसा घालून, कातळावरून हेलकावा घेत चिखलणीचा ट्रॅक्टर वाटेला लागला, आणि त्याच्या मडगार्डवर, साडीचा काष्टा मारून, डोक्यावर इरलं घेऊन काकी बसली होती. आवाज असा की बाबांचा एक शब्द ऐकू येईना. बाबांनी वाचता वाचता ओळीवर हात ठेवला आणि थांबले.

काकीनं ट्रॅक्टरवरूनच हाक मारली. तिच्या आवाजापुढे इंजिनही कमीच पडलं. "भावजी! आज काय लिवलंय शास्त्रात?"

"वहिनीला वाट सोडा म्हणून लिवलंय!" बाबा ओरडले.

शेड हसली, छत्र्या हसल्या, आई तर डोळे पुसायला लागली. ट्रॅक्टर पार शेतात उतरेपर्यंत बाबा पानावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग हात उचलला आणि राहिलेल्या ओळीपासून पुढे वाचायला लागले.